सातबाऱ्याबाहेरचं

डहाणू तालुक्यातल्या वाढवण गावासमोर, भर समुद्रात, १,४४८ हेक्टर जमीन तयार व्हायची आहे. आज तिथे पाणी आहे, ओहोटीला खडक उघडे पडतात, आणि तलाठ्याच्या दप्तरात त्यातलं काहीच नाही, कारण पाण्याला गट नंबर नसतो. भराव पडून जमीन वर आली की तिचा कारभार कुणी पाहायचा हे मात्र ठरलेलं आहे. बंदराच्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. त्या दिवशी ती भूमी अजून पाण्याखालीच होती.

आता बंदराला विमानतळाची जोड मिळायची आहे. मुंबई महानगराचा तिसरा विमानतळ वाढवणजवळ, समुद्रात भराव घालून, बेटावर करायचा असं मुख्यमंत्र्यांनी जाहीर भाषणांतून सांगितलं आहे. बंदराच्या मागे 'चौथी मुंबई' वसेल, असंही.

भूसंपादनाचा पंचनामा होतो तेव्हा घर, विहीर, बांध, झाडं मोजली जातात. आंब्याचं झाड किती वर्षांचं तेही लिहून घेतात. खालच्या यादीतलं त्यात काही बसत नाही. काही बंदराने जाईल, काही बंदराच्या आधीच जायला लागलं आहे, आणि एक-दोन गोष्टी गेल्यासुद्धा आहेत.

खडक

वाढवण, वरोर, धाकटी डहाणू, गुंगवाडा या पट्ट्यात किनाऱ्यापुढे खडकाचं पठार आहे. उधाणाच्या ओहोटीला पाणी मागे हटतं आणि पठार उघडं पडतं. घळी, डबकी, शेवाळ, कपारी. किनाऱ्यावरचे लोक याला समुद्राचं पाळणाघर मानतात, कारण मासे इथे अंडी घालायला येतात आणि पिल्लं कपारीत वाढतात. शेवंड इथली. घोळ आणि दाढा इथले. मच्छिमार संघटनांच्या निवेदनांत या पट्ट्याला 'गोल्डन बेल्ट' म्हणतात. घरी कुणी असं म्हणत नाही. घरी नुसता 'खडक' म्हणतात.

होडी नसलेल्या घराचंही या खडकावर भागतं. बायका ओहोटी साधून निघतात, कालवं फोडून काढतात, खेकडे, शिंपल्या, निवट्या जमवतात आणि भरती लागायच्या आत परततात. मांगेला, माच्छी, भंडारी आणि आतल्या पाड्यांवरच्या वारली बायकाही. हा माल कुठल्या सोसायटीत जात नाही, त्याची पावती होत नाही. कालवण घरात होतं आणि उरलेलं चिंचणीच्या किंवा डहाणूच्या बाजारात खपतं. मत्स्यउत्पादनाच्या आकडेवारीत तो आला असेल तर चुकूनच.

तिथीचं गणित

तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. अष्टमीला सहा येतात. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला आणि अवसेला उत्तर सव्वाअकरा येतं, म्हातारे त्यात आपल्या बंदराचा थोडा वेळ मिळवतात. मोबाइलवर आता भरती-ओहोटीचं कोष्टक येतं आणि तरुण पोरं तेच बघतात, म्हणून ही गोष्ट जाते आहे तर त्याचा दोष बंदराला देऊ नये.

पण गणित फक्त वेळ सांगतं. पाणी कुठून वळतं, कोणत्या खडकामागे ओढ आहे, गाळ कुठे बसतो, हे त्याच माणसांना पाठ असतं. दहा किलोमीटरच्या आसपासचा लाटारोधक बांध समुद्रात उभा राहिला तरी भरतीची वेळ चंद्राकडेच राहील. पाठ केलेलं बाकीचं सगळं चुकायला लागेल.

कव

डोलीचं जाळं समुद्रात ठोकलेल्या खांबांना बांधतात. प्रवाह जाळ्यात शिरतो, बोंबील, करंदी, जवळा घेऊन येतो. खांब ठोकलेल्या त्या जागेला कव म्हणतात. कव कुणाची, हे गावाला ठाऊक असतं आणि बापाकडून मुलाकडे जातं.

याचा फार गोड अर्थ काढू नये. कवींवरून वसई-उत्तनकडचे आणि पालघर-डहाणूकडचे मच्छिमार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. कवी कुणी किती पुढे मारल्या, कुणाची वाट अडली, यावरून समुद्रात हाणामाऱ्याही झाल्या. पण भांडण कशावरून होतं ते पाहिलं की कळतं, या पाण्यात हद्दी आहेत. कागदावर नसतील, भांडायला पुरतील इतक्या पक्क्या आहेत. बंदराच्या नकाशात त्या जागी जहाजांचा मार्ग आणि नांगरवाड्याची निळी चौकट आहे.

पापलेट

सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. सातपाटीच्या मच्छिमारांची ती मागणी होती. त्यांचं म्हणणं इतकंच की निदान नाव दिलंत तर पिल्लं मारणं थांबेल.

पापलेट कमी झाला तो बंदर यायच्या आधी. मोठे ट्रॉलर, पर्ससीन, बारीक आसाची जाळी, आणि आपल्याच माणसांनी काठावर विकलेली तळहाताएवढी पिल्लं. सगळं खापर एका प्रकल्पावर फोडणारी भाषणं मी ऐकली आहेत आणि ती मला पटत नाहीत. मात्र खचलेल्या धंद्याची उरलीसुरली अंडी घालायची जागाच भरावाखाली घालायची, हा त्यावरचा उपाय कसा, हेही कुणी सांगितलेलं नाही.

शंखोदर

वाढवणसमोर पाण्यातलं तीर्थस्थान. वाट ओहोटीच देते. पंचनाम्यात देवळाला रकाना असतो. समुद्रातल्या जागेला बहुधा नसावा.

डाय

वाढवण-वरोर-चिंचणीकडे घराच्या पडवीत ठोकाठोकीचा बारीक आवाज येतो. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची. सोनार त्यावर पत्रा दाबून नक्षी उठवतो. डायमेकिंग असं याला सगळे म्हणतात. घरचा धंदा, बाप, मुलगा, शेजारचा एखादा. मुंबईतल्या बाजारात मंगळसूत्राच्या वाटीवर किंवा बाळाच्या वाळ्यावर जे फूल दिसतं, ते पहिल्यांदा या समुद्रकाठच्या पडवीत उमटलेलं असू शकतं.

या कारागिरांनी बंदराला विरोध केला तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं. यांची ना होडी, ना जाळं. समुद्राशी यांचा काय संबंध? संबंध गावाशी आहे. घर स्वतःचं, भाडं नाही, मासळी दारात, भाजी परसात, म्हणून महिना कसा का जाईना, बारीक काम परवडतं. रस्ता रुंद झाला, जागेचे भाव चढले, गाव कंटेनरच्या वाटेवर आलं की हा हिशेब मोडतो. संगणकावर चालणाऱ्या मशिनने त्यातलं अर्धं काम आधीच उचललं आहे. उरलेल्या अर्ध्याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागायची?

प्राधिकरण

या यादीतली हीच एक वस्तू सरकारी आहे, आणि जाण्याची सर्वांत जास्त रुखरुख मला हिची आहे.

२० जून १९९१ला केंद्राने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. उद्योगांना तालुक्यात जास्तीत जास्त ५०० एकर, आणि तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टा राखीव. अधिसूचना काढून सरकारं विसरतात, तशी हीसुद्धा विसरली गेली असती. पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९६मध्ये आदेश दिला की ती अमलात आणायला स्वतंत्र प्राधिकरण नेमा. त्याच डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी; दादा धर्माधिकारींचे चिरंजीव.

वाढवण बंदराचा पहिला प्रस्ताव त्यांच्यासमोर आला तेव्हा तो पी अँड ओ या परदेशी कंपनीचा होता. प्राधिकरणाने सगळ्यांचं ऐकलं आणि १९९८मध्ये सांगितलं की इतकं मोठं बंदर या तालुक्यात बसत नाही. प्रस्ताव गुंडाळला गेला. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातलं गंधक रोखणारी यंत्रणा बसवायला वीज कंपनी चालढकल करत होती. प्राधिकरणाने पाठ सोडली नाही आणि ती बसवून घेतली. चिकूच्या बागायतदाराला, पाड्यावरच्या वारल्याला आणि धाकट्या डहाणूच्या मच्छिमाराला एकाच दालनात जाऊन तक्रार करता येईल असं ठिकाण महाराष्ट्रात दुसरं कुठे होतं, मला आठवत नाही.

मग २०२०चं वर्ष आलं. फेब्रुवारीत बंदराला तत्त्वतः मंजुरी मिळाली. टाळेबंदीच्या दिवसांत बंदरांना उद्योगांच्या वर्गवारीतून काढून 'बिगर-औद्योगिक' यादीत टाकलं गेलं. उद्योगच नाही म्हटल्यावर १९९१च्या बंधनाला पकडायला काही उरलं नाही. धर्माधिकारी जानेवारी २०१९मध्ये गेले होते. प्राधिकरण मात्र चालू राहिलं, नव्या अध्यक्षांखाली, आणि ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणाने बंदराला अटी घालून ना-हरकत दिली. त्याविरुद्धच्या याचिका एप्रिल २०२४मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळल्या.

म्हणजे प्राधिकरण बंद झालेलं नाही. पाटी आहे, शिक्का आहे. गेलं ते इतकंच की त्या दारात गेल्यावर 'नाही' हे उत्तरही मिळू शकतं, असा लोकांना जो भरवसा होता तो.

ठराव

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. गावांनी बंदराविरुद्ध ठराव केले. पण ग्रामसभेची हद्द किनाऱ्यापाशी संपते, आणि प्रकल्प किनाऱ्यापुढे सुरू होतो.

पोफरण, अक्करपट्टी

ही दोन गावं गेलीच. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचासाठी उठवली. समुद्रकाठची माणसं आत पुनर्वसनाच्या वसाहतीत नेली. मच्छिमाराला किनाऱ्यापासून लांब घर दिलं तर त्याला काय दिलं, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. 'कुणालाही विस्थापित करणार नाही' असं अधिकारी सांगतात तेव्हा वाढवणची माणसं वाद घालत नाहीत, दक्षिणेकडे बोट दाखवतात.

गवत

तलासरीचं गवत. हेही गेलेलं.

एके काळी इथल्या डोंगरांवरचं गवत कापून, गठ्ठे बांधून रेल्वेने मुंबईला जायचं, तबेल्यांसाठी. कापायचे वारली, पैसे करायचे जमीनदार आणि व्यापारी. २३ मे १९४५ला झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेची ती सभा. लग्नाच्या कर्जापायी राबवून घेणारी लग्नगडीची पद्धत आणि वेठबिगार संपवायची, असं तिथे ठरलं. पुढे पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत म्हणून संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मेले.

गवत हा काही पवित्र वारसा नव्हता. पण ते कापणाऱ्याला आपल्या कामाचं वजन माहीत होतं आणि दर मागता येत होता. आता त्याच डोंगरांच्या अंगावरून मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग गेला, बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिले, आणि भरावासाठी दगड-मुरूमही जिल्ह्यातल्या टेकड्यांतून जायचा आहे. खाणीत दगड फोडणारं मशिन एकटंच काम करतं. संपावर जायला माणसं लागतात.

चिकू

डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. इराणी बागायतदारांनी रुजवलेली बाग, वारली मजुरांनी जगवलेली. झाडाला सातबाऱ्यात जागा आहे, म्हणून या यादीत त्याचं काम नाही. मजुरांचं आहे, पण मजुरांवर वेगळंच लिहावं लागेल.

भिंत

'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द.' कुंपणांवर, होड्यांवर, एसटी थांब्यावर, काळ्या झेंड्यांवर. चुन्यात लिहिलेली अक्षरं पावसात पुसट होतात. गणपतीनंतर पोरं परत रंगवायची. अलीकडे काही भिंतींवर त्यांच्या शेजारी प्लॉट विक्रीचे नंबर दिसू लागले आहेत. काही ठिकाणी ज्याची भिंत त्याचाच नंबर. त्याला नावं ठेवायला मी जाणार नाही. वीस-पंचवीस वर्षं लढलेल्या माणसाला मुलीचं लग्नही करायचं असतं.

न झालेली जमीन

जुन्या गोष्टींच्या यादीत ही कशी, असं कुणी विचारेल. पण वरचं सगळं जायचं आहे ते हिच्यासाठी, म्हणून तिचीही नोंद हवी.

भरावाची बाजू मांडणारे एक गोष्ट नेहमी सांगतात: समुद्रात जमीन केली की कुणाची जमीन घ्यावी लागत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाला दहा गावं हलवावी लागली, उलव्याची टेकडी कापावी लागली, नदी वळवावी लागली. त्यापेक्षा बेट बरं. ना सातबारा, ना मोर्चा. हिशेब चोख आहे. तो चोख आहे याचं कारण हेच, की ज्यांचं जातं त्यांच्या हातात कागद नाही.

जपानमध्ये असाच हिशेब वेगळा लागला. ओसाकाच्या उपसागरात कान्साईचा विमानतळ भरावाच्या बेटावर बांधून १९९४मध्ये सुरू झाला. बेटाला हात लावायच्या आधी तिथल्या मच्छिमार सहकारी संस्थांशी बसून बोलावं लागलं, भरपाई ठरवावी लागली, कारण जपानच्या १९४९च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने किनाऱ्यालगतच्या पाण्यावरचा त्यांचा हक्क कागदावर आणला आहे. बेट पुढे अंदाजापेक्षा जास्त खचलं आणि सप्टेंबर २०१८च्या जेबी वादळात धावपट्टीवर पाणी चढलं, ती अभियंत्यांनी पाहायची गोष्ट. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की तिथे पाण्याला धनी होता.

आपल्याकडे ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या खटल्यात २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याला सांगितलं की बाधित मच्छिमारांना भरपाई देण्याचं धोरण करा. ते २०२३मध्ये आलं. भरपाई मागायची तर आधी मच्छिमार असल्याचा पुरावा हवा: नौकेची नोंदणी, परवाना, संस्थेचं सभासदत्व. खडकावर कालवं फोडणारीकडे यातलं काय असणार? तिच्याकडे टोपली आणि कोयता.

आणि या जमिनीवर होणार काय? विमानं उतरतील, हे खरं. पण आजचा विमानतळ नुसत्या विमानांवर चालत नाही. दिल्लीला विमानतळाशेजारी एरोसिटी उभी आहे. हॉटेलं, कार्यालयं, दुकानं. गोदामं, पार्किंग, मॉल, सभागृहं यांच्या भाड्यावर प्रवर्तकांचा डोळा असतो आणि त्यात बेकायदा काही नाही. मागणी करताना मात्र शब्द 'राष्ट्रीय गरज' हा असतो. धावपट्टीला लागेल तेवढी जमीन समुद्रातून काढायची, की सोबत भाड्याने द्यायचीही काढायची, हा प्रश्न वाढवणला जनसुनावणीत विचारता आला नाही, कारण जानेवारी २०२४मध्ये पालघरला सुनावणी झाली ती बंदराची. विमानतळ तेव्हा त्या कागदांत नव्हता. बंदरावर हरकती घेऊन थकलेल्या माणसाला आता त्याच पाण्यासाठी दुसऱ्या फाईलवर पुन्हा सगळं सांगावं लागेल.

वाळू

भरावाला लागणारी वाळू, सुमारे वीस कोटी घनमीटर, दमणच्या समोरच्या समुद्राच्या तळातून उपसून आणायची आहे. वाढवणला निदान गाव आहे, समिती आहे, मोर्चा काढायला रस्ता आहे. जिथून वाळू निघणार तिथे गाव नाही, ग्रामसभा नाही, सुनावणीचा मंडपही पडणार नाही. तलासरी तालुक्याला समुद्र लागतो तो झाईला, गुजरातच्या हद्दीला चिकटून. झाईच्या, उंबरगावच्या आणि दमणच्या होड्या ज्या पाण्यात जाळी टाकतात त्याच्या तळाची ही वाळू. दोन राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश मिळून तिथल्या मासळीची नोंद कोण ठेवतं, हे झाईच्या माणसाला विचारलं तर तो आधी विचारतो, तुम्ही कोणत्या खात्यातून आलात?